चौथा संदेश

वलगाव, ४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय वच्छलाताईंना रागिणीचा नमस्कार.

दारावरचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाही, तेवढ्यात एक गोष्ट घडली आहे. ती तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळावी म्हणून लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने जोडता. मागच्या वर्षी त्यावरून घरात काय महाभारत झालं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. म्हणून पत्र. रामराव सकाळी फुलांची गाडी घेऊन अकोल्याला निघतील, त्यांच्याजवळ शेवंतीच्या क्रेटमध्ये ठेवते. उत्तर रिकाम्या क्रेटमधून पाठवा.

तर झालं असं, की पुण्याहून एक मुलगा आला होता. चांगली कामं करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ काढून तो मोबाईलवर दाखवतो आणि वीस लाख लोक ते बघतात. आपल्या 'टेकू'बद्दल त्याला कोणीतरी सांगितलं. दोन दिवस तो आमच्या फुलांच्या शेडमध्ये बसून होता. वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, वर-खाली होणाऱ्या खाटा, सगळ्याचं चित्रण केलं. लोक आजाऱ्यासाठी वस्तू फुकट नेतात, काम झालं की परत आणून देतात, यात एवढं पाहण्यासारखं काय आहे ते मला कळेना, पण त्याचे डोळे भरून आले. मी त्याला सांगितलं, की हे सगळं माझ्या नणंदेनं अकोल्यात सुरू केलं, मी फक्त तिची फांदी. त्यातलं तो किती ठेवतो ते त्याच्या हातात.

व्हिडिओ एक डिसेंबरला येणार आहे. जाताना तो म्हणाला, "मॅडम, तयारी करून ठेवा. मागे एका गोशाळेचं दाखवलं, तर लोकांनी इतका चारा पाठवला की गाई आत आणि माणसं बाहेर राहिली." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, ताई. दोन्हीकडच्या मिळून आपल्या वस्तू एकशे चाळीस. माणसं म्हणाल तर मी, आमची आचल, मनकर्णाबाई आणि सुट्टीच्या दिवशी हे. हजार लोकांनी मदत देऊ केली तर घ्यायची कशी आणि हजार लोकांनी खाट मागितली तर द्यायची कुठून? चौदा वर्षांचे नियम तुमच्या डोक्यात आहेत. ते कागदावर उतरवून द्या.

भाऊजींचं खुब्याचं दुखणं कसं आहे? सात नंबरच्या खाटेची मूठ अजून कुरकुरते का?

तुमची,
रागिणी


अकोला, ७ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. शेवंतीचा वास अजून कागदाला आहे. वाचून आनंद झाला. आनंद झाला असं लिहायचं असतं, म्हणून आधी लिहून टाकलं.

आता सांगते. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा वॉकर आणि कमोडची खुर्ची घरात उरली. शेजारच्या सीमाच्या सासऱ्यांना लागली, म्हणून दिली. त्यांनी वापरून परत आणली, तेव्हा मी तिच्या पाठीवर लाल रंगाने '१' काढला. त्या दिवशी 'टेकू' सुरू झालं. वेलाला आपण टेकू देतो ना, तो शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा तुझं लग्न होऊन सहाच वर्षं झाली होती. पुढे तुला अकरा वस्तू मीच दिल्या, आणि लाल रंगाचा डबा आणि कुंचलासुद्धा. हे त्या मुलाला ठाऊक असेलच. पुण्याहून वलगावला जाताना अकोला वाटेत लागतं, पण गाडी थांबली नाही, एवढंच मनात आलं.

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. शाळेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना पहिला नंबर देत आले, मला सवय आहे.

नियम लिही. एक, शंभर माणसं 'काय मदत करू' म्हणतील आणि खाट उचलायला त्यातली दोन मिळणार नाहीत. म्हणून जो फोन करेल त्याला विचारायचं, तुमच्याकडे कोणता वार मोकळा आहे? वार सांगेल तोच खरा. दोन, लोक घरातली अडगळ दान म्हणून आणून टाकतील. चाक नसलेली खुर्ची घेऊ नकोस, आभार मानून परत पाठव. तीन, वस्तू नेणाऱ्याला आजार विचारायचा नाही, उंची आणि वजन विचारायचं. त्यावरून वॉकर ठरतो. चार, वाढदिवसाला केक घेऊन फोटो काढायला येणाऱ्यांना त्याच दिवशी गाद्या धुवायला लाव. पुन्हा येणार नाहीत, किंवा कायमचे येतील.

वस्तू परत घेण्याची रीत वेगळी आहे. ती पुढच्या वेळी लिहीन.

ह्यांना कुशीवर वळवताना मूठ कुरकुरते. तेल घातलं. ते म्हणतात, "रागिणीले सांग, खाट कुरकुरते तवाच मी जिता हाओ हे तुले समजते."

वच्छला


वलगाव, ११ नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार.

तुमचा वारांचा नियम कामाला लागलासुद्धा. भिंतीवर सात कागद लावले आहेत आणि आताच सोमवारी पाच, गुरुवारी तीन नावं आहेत. शेडच्या एका बाजूला आलेल्या वस्तू ठेवायच्या, दुसऱ्या बाजूला धुतलेल्या, मध्ये दोरी. अंजनगाव सुर्जीला एक ओळखीचे दुकानदार आहेत. जास्त आलेल्या वस्तू ते आपल्या गोदामात ठेवून घेतील.

फोन मात्र आपण चौघी उचलूच शकणार नाही. म्हणून आचलने कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून एक सोय करून घेतली आहे. वहीतला नंबर संगणकात घातला, की ज्याला जो संदेश जायचा तो आपोआप जातो. अकोल्याची नावंही मी यातच घेते, म्हणजे तुम्हाला ताप नको. संदेश चार आहेत. मदत देऊ करणाऱ्याला, वस्तू मागणाऱ्याला, वस्तू नेणाऱ्याला आणि परत करणाऱ्याला. आचलने कुठल्यातरी दुकानाचे नमुने पाहून लिहिले आहेत. सोबत कागद जोडला आहे. मला घाईत काही सुचत नाही. तुम्ही लाल पेन फिरवल्याशिवाय एकही संदेश जाणार नाही.

चौथ्याबद्दल मला विशेष विचारायचं आहे. आमच्याकडे परत आलेल्या वस्तू मनकर्णाबाई घेते. मी तेव्हा आत फोनवर असते. त्या लोकांना तू काय म्हणतेस असं तिला विचारलं तर म्हणाली, "काईच नाई म्हनत." तिच्याकडून काही कळत नाही. तुम्ही रीत लिहिणार होतात, ती राहिली. म्हणून सध्या आचलने असं लिहिलं आहे:

'वस्तू परत केल्याबद्दल आभार. आमची सेवा आपल्याला आवडली असेल अशी आशा आहे. पुन्हा अवश्य या. – टेकू परिवार.'

जमलं आहे का?

रागिणी


अकोला, १४ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस आशीर्वाद.

कागद तपासून परत पाठवते आहे. पहिल्या संदेशात शुद्धलेखनाच्या तीन चुका, दुसऱ्यात एक. तिसऱ्यात 'उंची' राहिली होती, ती घातली. चौथ्यात चूक नाही. खाली मंजूर लिहून सही केली आहे.

काल ह्यांच्या मोबाईलवर त्या मुलाने तुझा छोटा नमुना टाकलेला पाहिला. अर्ध्या मिनिटाचा. एकदा ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा पाहिला. पुन्हा म्हणजे अकरा वेळा. तू शेवंतीच्या ढिगासमोर उभी आहेस, नवी साडी, हातात माझा कुंचला, आणि एका खुर्चीवर लाल आकडा काढते आहेस. खाली अक्षरं येतात, 'एका बाईने सुरू केलेली चळवळ'. ती बाई तूच आहेस असं कोणालाही वाटेल. मलाही क्षणभर वाटलं.

गल्लीतल्या बायका येऊन मला सांगून गेल्या, "बाई, तुमची भावजय लय मोठी झाली, तुमी बी असं काई करा ना." माझ्या ओसरीत उभं राहून सांगितलं, जिथे त्यांच्या मागे बावीस वॉकर भिंतीला टेकलेले होते. त्यांना चहा दिला. साखर कमी पडली असेल.

साडीचा रंग चांगला आहे. पूर्वी तू इतके भडक रंग नेसत नव्हतीस.

वच्छला


वलगाव, ६ डिसेंबर २०२४

ताई,

पाच दिवस झाले, आज पहिल्यांदा बसते आहे. तयारी केली नसती तर वाहून गेलो असतो. पहिल्या दिवशी नऊशे फोन, दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं. नागपूरहून एक ट्रक आला, त्यात चाळीस नव्या व्हीलचेअर. सेमाडोहच्या एका जिप्सीवाल्याने कळवलं, की मेळघाटातल्या पाड्यांवर वस्तू पोचवायची असेल तर त्याचा बुधवार आपला. वाढदिवसवाले सतरा आले, गाद्या धुतल्या, त्यातले चार दुसऱ्या दिवशीही आले. तुमचा प्रत्येक नियम खरा ठरला.

आणि काल एक गृहस्थ आले. अंजनगावजवळचे महादेवराव, सत्तरीचे असतील, पांढरं धोतर, बसने आलेले. मला वाटलं वस्तू न्यायला आले. त्यांनी मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि मला वाचायला सांगितलं. आपला चौथा संदेश होता. त्यांच्या बायकोची खाट त्यांनी एकोणतीस तारखेला परत केली होती, ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी.

ते म्हणाले, "बाई, पुन्हा काहून बलावता? घरात आता मी एकटाच राह्यलो."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मनकर्णाबाई कोपऱ्यातून उठली, त्यांना पाणी दिलं, त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेली आणि एक शब्द न बोलता परत आली. तेव्हा मला कळलं, की 'काईच नाई म्हनत' हेच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. मयताच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही, ते 'या' म्हणत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आपल्याकडे परत येणाऱ्या निम्म्या वस्तू तशाच घरांतून येतात. आणि मी त्या घरांना 'पुन्हा अवश्य या' म्हटलं.

संदेश लगेच बंद केला. वहीतली मागच्या वर्षभराची नावंही संगणकात गेली होती, त्यामुळे आतापर्यंत अशा एकसष्ट घरी गेला आहे. आचल रडते आहे, मी तिला काही बोलले नाही, चूक माझी आहे. तुमच्याकडूनही तो निसटला, कारण मी नको त्या वेळी तुमच्यापुढे कागद टाकला. भाऊजींना उठवायचं, बसवायचं, त्यात तुमचं लक्ष कुठून असणार? माझ्या हावरेपणाने तुमच्यावर भार पडला. मला माफ करा.

रागिणी


अकोला, ९ डिसेंबर २०२४

रागिणी,

माफी मागू नकोस. ते निसटलं नाही.

तुझा कागद आला तेव्हा हे झोपले होते, घर शांत होतं, चष्मा डोळ्यावर होता. चौथा संदेश वाचला आणि माझं पेन 'पुन्हा' या शब्दाखाली टेकलं. ठिपका पडला आहे, बघ, कागद ठेवला असशील तर. मला तेव्हाच महादेवरावांसारखा कोणीतरी दिसला होता. नाव माहीत नव्हतं, माणूस माहीत होता. चौदा वर्षं मी अशा माणसांना पाणी देऊन न बोलता फाटकापर्यंत सोडत आले आहे.

तरी पेन उचललं आणि मंजूर लिहिलं. मनात असं आलं, की वीस लाख लोक जिला बघणार तिला एवढंही कळत नाही, हे एकदा दिसू दे. तुला कोणीतरी चारचौघांत बोलेल, मग तू मला फोन करशील, आणि मी म्हणेन, अगं रीत मला विचारायची होतीस. हे सगळं मी मनात घोळवलं होतं. त्यात तुझा पडलेला चेहरा होता. त्या एकसष्ट घरांपैकी एकही घर त्यात नव्हतं, हे आज तुझं पत्र वाचताना लक्षात आलं.

मला हेवा वाटत नाही असं आधी लिहिलं होतं. पोटात दुखत होतं, रागिणी, दिवाळीपासून रोज. या कामाचं कोणी नाव घेत नव्हतं तेव्हा ते माझं होतं. लोकांनी नाव घेतलं आणि ते तुझं झालं.

तू लिहिलंस, ताईंचं लक्ष नसणार. त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं तू शिव्या दिल्या असत्यास तर लागलं नसतं.

वच्छला


वलगाव, ११ डिसेंबर २०२४

ताई,

ठिपका पाहिला.

दोन दिवस तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. देवानंदना मी काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही. तुमच्या भावासमोर तुम्हाला खाली पाहायला लावून मला काय मिळणार?

पण तुम्ही खरं लिहिलं, तर माझंही घ्या. पहिल्या पत्रात मी लिहिलं, की मुलाला तुमचं नाव सांगितलं. सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत दहा वेळा जिभेवर आलं आणि दहा वेळा गिळलं. या घरात आल्यापासून मी वच्छलाबाईंची भावजय आहे. वस्तूंवर नंबर तुमचे, रीत तुमची, माझ्या शेडचं नावसुद्धा तुमचं. कॅमेरा सुरू झाला आणि वाटलं, एकदा तरी माझं असू दे. त्याने काही कापलं नाही. कापण्यासारखं मी काही दिलंच नव्हतं.

तुमचं आणि माझं हे आपल्यात राहील. पण एकसष्ट घरांचं काय? मी सगळीकडे स्वतः जायचं ठरवलं आहे. त्यातली तेवीस तुमच्याकडची आहेत. यादी सोबत आहे. ती तुम्ही करा. संदेश पाठवून नाही, पायाने.

रागिणी


अकोला, १२ जानेवारी २०२५

चि. रागिणी,

महिनाभरानंतर लिहिते आहे. मध्ये काय झालं ते तुला माहीत आहे, पण यादीचं सांगायचं राहिलं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांना एकटं सोडून कशी जाऊ असं म्हणत बसले होते. त्यांनी काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. ते मग म्हणाले, "जा तू. मी काई पळून जात नाई. आन् गेलोच, त खाट तुयीच हाय." सीमा दुपारी त्यांच्याजवळ बसायला लागली आणि मी रोज दोन घरं करत गेले. काहींनी दार उघडलं नाही, काहींनी चहा केला. एका मुलाने सुनावलं, ते ऐकून घेतलं. बऱ्याच जणांनी संदेश वाचलाच नव्हता, त्यांच्याकडे उगीच माफी मागून आले.

बाविसावं घर तानुबाईचं, बाळापूरच्या रस्त्याला. नवरा गेला, मुलगा सुरतेला. मी संदेशाचं काढलं तर तिने फडताळातून पिशवी काढली. त्यात लुगडं, फणी, औषधाच्या गोळ्या. म्हणाली, "नातवानं वाचून दावलं, पुन्हा या म्हनून. तेरा दिस झाल्यापासून कोनी बलावलंच नाई मले. म्या म्हटलं, जाऊन येतो दोन दिस." ती माझी वाट पाहत होती, रागिणी. तिला घेऊन आले. दोन दिवस ओसरीत राहिली, बावीस वॉकर पुसून ठेवले. आता तिने मंगळवार घेतला आहे.

तेविसावं घर राहिलं, कारण त्या दिवशी, सत्तावीस तारखेला, हे गेले.

तिसऱ्या दिवशी तू आणि देवानंद आलात. मूर्तिजापूरच्या एका माणसाला खाट तातडीने हवी आहे, असं तू हळूच सीमाला सांगताना मी ऐकलं. त्या दिवशी मला पूर्ण ऐकू आलं. मीच म्हटलं, सात नंबर घेऊन जा. तू पदर खोचून खाट स्वतः उघडलीस, पाय वेगळे केलेस, पुसलंस. रामरावांनी गाडीत ठेवली. तू पाणी प्यायलीस आणि न सांगता उठून गेलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. मीही जागची उठले नाही.

रात्री ह्यांचा मोबाईल घेऊन बसले. बंद केला आहे हे ठाऊक असून संदेशाची वाट पाहिली. आला नाही. मग एकच विचार येत राहिला. तू बोलली नाहीस ती रीत म्हणून, की माझ्यावरच्या रागाने? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बरेच दिवस मी अर्धं ऐकून उरलेलं अर्धं मनाने जोडत बसले, आणि जे जोडलं ते चांगलं नव्हतं. म्हणून आता विचारते.

त्या पुण्याच्या मुलाचा फोन आला होता. अकोल्याचं चित्रण करायचं म्हणतो, पत्ता तू दिलास म्हणाला. मी नाही म्हटलं असेल असं तुला वाटेल. वर्ष सरल्यावर ये, असं सांगितलं. पोटात अजून दुखतं, आणि या वयात ते एवढ्यात थांबणार नाही. पण मी त्याला म्हटलं, आम्हा दोघींना नंतर दाखव, आधी वलगावच्या मनकर्णाबाईला दाखव, काहीच न म्हणताना. त्याला काही कळलं नाही.

तेविसाव्या घरी काल जाऊन आले. यादी पूर्ण झाली. ह्यांचं तेरावंही होऊन चार दिवस झाले. आता या दारातून कोणाला 'या' म्हणायला हरकत नाही, आणि पहिल्यांदा कोणाला म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं आहे.

तुझा मोकळा वार कोणता? पुन्हा ये, रागिणी.

वच्छलाताई